तेजूसाठी मांडलेलं मागणं

श्रीरामपूरकडच्या चारीवाडीत रविवारची उपासना म्हणजे निम्मी प्रार्थना आणि निम्मी गावची खबरबात. फादर यायचे महिन्यातून एखाद्या वेळी. एरवी गावचा धर्म सांभाळायचे ते मास्तर. वाचन झालं, गायन झालं, की मास्तर हात जोडून म्हणायचे, "हं, ज्याचं त्याचं मागणं मांडा." मग पत्र्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये, गावच्या भाषेत देवळात, एकेक जण उभा राहायचा. कुणाची म्हैस आटलेली असायची, कुणाचा जावई दारू सोडत नसायचा, कुणाच्या पोरीला सासरहून न्यायला कुणी येत नसायचं. मांडणाऱ्याचा आवाज कापायला लागला की सगळं देऊळ एका सुरात म्हणायचं, "हे प्रभू, आमची विनंती ऐक." देवाने किती विनंत्या ऐकल्या ते देवाला ठाऊक, पण गावाने ऐकलेल्या असायच्या. उपासना सुटली की त्या जावयाच्या सासूला कुणी ना कुणी हाताला धरून चहाला न्यायचंच.

ज्ञानदेव रणनवरे त्या देवळात वाढला. आता चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर होऊन, चिंचवडला वन बीएचके घेऊन, डोक्यावरचे केस जाऊनसुद्धा जमाना झाला, तरी रविवारी त्याला काहीतरी चुकल्यासारखं होतं. शहरातल्या चर्चमध्ये मागण्या छापून येतात. इस्त्रीचे कपडे घातलेलं कुणीतरी पुढे जातं आणि शुद्ध मराठीत पोपसाहेबांसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि जगातल्या शांतीसाठी मागणं वाचून परत जागेवर बसतं. जगाला शांती मिळायला ज्ञानदेवची काही ना नव्हती. पण शेजारच्या बाकावरच्या बाईचे डोळे का सुजलेत हे कुणी विचारायचं, असं तो घरी आल्यावर बायकोला म्हणायचा, आणि विजयश्री म्हणायची, "तुम्हाला नसत्या चौकशा."

ती असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्या शनिवारी विजयश्री भाचीच्या बाप्तिस्म्यासाठी संगमनेरला गेली होती, आणि लेकीच्या मेळाव्याला पालक म्हणून जायची पाळी ज्ञानदेववर आली. त्याने आनंदाने शिफ्ट बदलून घेतली, दाढी घोटून केली आणि लग्नकार्यातला पांढरा शर्ट घातला.

लेकीचं बाप्तिस्म्याचं नाव तेरेजा, घरात तेजू. अकरावीत होती आणि तिच्या शाळेची विद्यार्थी प्रतिनिधी होती. पिंपरी, तळेगाव, चाकण, सगळीकडच्या कॅथलिक शाळांमधल्या अशाच निवडक पोरापोरींचा हा मेळावा होता. यजमान शाळा चिंचवडची, विषय होता वयात येणाऱ्या मुलांच्या मनाचं आरोग्य. हॉलच्या दारावर मुलांनी रंगवलेला फलक होता: 'कसा आहेस? खरं सांग.' ज्ञानदेवला तो फलक फार आवडला. त्याच्या लहानपणी असं कुणी विचारत नसे. 'जेवलास का' एवढंच विचारत आणि पोरगं कसं 'हो' म्हणतं त्यावरून बाकीचं ओळखत.

तेजूला मात्र फलकाकडे बघायला सवड नव्हती. दुपारच्या सत्रात तिला बोलायचं होतं. विषय होता, मदत कशी मागायची. आठवडाभर आरशासमोर तिची तयारी चालली होती. बोलणं सगळं 'एका मुलीबद्दल' होतं. ती एक मुलगी कोण, हे घरातल्या तिघांना आणि तेजूच्या मैत्रिणीला, जिकराला, माहीत होतं. शाळेत आणखी कुणाला नव्हतं.

कारण आदलं वर्ष तेजूने कसं काढलं ते तिलाच ठाऊक. दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आली आणि पोरीचा श्वास अडकायला लागला. हातपाय गार पडायचे. बाथरूममध्ये नळ सोडून ती रडायची, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. एक दिवस नळ वाहतच राहिला आणि विजयश्रीने दार वाजवलं, तेव्हा सगळं उघड झालं. मग ताथवड्याच्या एका समुपदेशक मॅडमकडे जाणं सुरू झालं आणि हळूहळू पोर सावरली. तेव्हा तिने आईबापांपाशी एकच अट घातली होती. "हे आपल्यातच राहू दे. वर्गात कळलं तर मी शाळेतच जाणार नाही." ज्ञानदेवने तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं, आणि मनापासून केलं होतं.

तर हॉल भरला. निळे, हिरवे, चॉकलेटी गणवेश शाळेशाळेप्रमाणे रांगांत बसले. पालक मागच्या खुर्च्यांवर. ज्ञानदेवच्या शेजारी समाधान होता, त्याच्याच कंपनीतला, मूळचा लातूरकडचा. त्याचा धनेश तेजूच्याच वर्गात होता. पोरगं नाश्त्याला काय आहे याचा अंदाज घ्यायला मधूनमधून मागे वळून बघत होतं.

प्रार्थना सिस्टर सुमन घेत होत्या. गाणं झालं, वाचन झालं. मुलांनी लिहून आणलेल्या विनंत्या वाचून झाल्या. मग सिस्टरांनी पालकांकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "पालकांपैकी कुणाला आपलं मागणं मांडायचं असेल, तर जरूर मांडा."

कुणी उठलं नाही. शहरात अशा वेळी कुणी उठत नसतं. दोन क्षण थांबायचं आणि पुढे सरकायचं, ही रीत सिस्टरांनाही ठाऊक होती. पण ज्ञानदेवच्या कानांवर ते शब्द किती वर्षांनी पडत होते! त्याला मास्तर आठवले, पत्र्यावर वाजणाऱ्या चिंचा आठवल्या, पदर डोळ्यांना लावून उभी राहिलेली आई आठवली. हॉलमधली ती शांतता त्याच्याच्याने सोसवेना. एवढं मोकळं दार, आणि आत जायला कुणी नाही! तो उभा राहिला.

"हे प्रभू," तो म्हणाला, आणि आवाज आपोआप चारीवाडीचा झाला. "माझी लेक तेजू हितंच पुढं बसलीय. गेल्या वर्षी पोरीनं लई सोसलं. परीक्षेच्या धास्तीनं तिचा श्वास अडकायचा, नळ सोडून रडायची. ताथवड्याच्या मॅडमकडं अजून जाती. तिच्या मनाला शांती दे, अन् तिच्यासारख्या समद्या लेकरांना दे. म्हणून आपण प्रार्थना करू या."

"हे प्रभू, आमची विनंती ऐक," अख्खा हॉल म्हणाला.

हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळी पोरं एका सुरात म्हणाली, कारण रोजच्या परिपाठात ते वाक्य त्यांच्या जिभेवर बसलेलं होतं. तो आवाज छताला जाऊन खाली आला आणि ज्ञानदेवच्या अंगावर काटा उभा राहिला. खोटं कशाला सांगा, त्या घटकेला तो सुखी होता. आपण चिंचवडला आहोत हे विसरून गेला होता.

मग त्याला तेजूची मान दिसली. तिच्या शाळेचा सगळा निळा गणवेश तिच्याकडे वळून बघत होता आणि ती समोर बघत होती. धनेशसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होता. गाणं सुरू झालं तशी ती उठली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली. पाठोपाठ जिकरा धावली. बापाला तेव्हा कुठे उमगलं की आपण काय करून बसलो.

तो बाहेर आला तेव्हा पटांगणात कुणी नव्हतं. पार्किंगच्या शेडखाली शाळेच्या बस उभ्या होत्या आणि एका बसच्या दारात जिकरा हात आडवा लावून उभी होती. तिचे वडील चिखलीला गॅरेज चालवतात. गेलं वर्षभर तेजूला जवळजवळ रोज घरापर्यंत सोडणारी हीच पोर.

"अंकल, आत्ता नको," ती म्हणाली. "ती बोलायच्या मूडमध्ये नाहीये."

"मी वाईट काय बोललो, बाळा? प्रार्थनाच केली ना?"

मोठ्या माणसाला उलट बोलायची जिकराची रीत नव्हती, पण हात काही तिने खाली घेतला नाही.

परत येताना व्हरांड्यात समाधान चहाचा कप घेऊन भेटला. "लई भारी बोललाव, भाऊ," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यात पाणीच आलं बगा. आन् बरं झालं कळालं. आता धनेशला सांगतो, वर्गात तिला संभाळून घेत जा म्हणून. समद्या पोरांनाच सांगायला लावतो."

तो मनापासून बोलत होता. त्याचा प्रत्येक शब्द ज्ञानदेवला टोचत होता. तेवढ्यात सिस्टर सुमन आल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, "चूक माझीही झाली. मी अशी मोकळी विनंती मागायला नको होती. ज्ञानदेवभाऊ, तुम्ही पुढच्या सत्राआधी माइकवर दोन शब्द बोलता का? माफी मागा, तेजूला बरं वाटेल. मुलांनाही त्यातून शिकायला मिळेल."

ज्ञानदेव निघालासुद्धा. माइक म्हटलं की त्याचे पाय तसेही आधी निघतात. हॉलच्या पायरीपर्यंत गेला, मनात वाक्यंही जुळवली, आणि मग त्याला त्याचा थोरला भाऊ आठवला. किसन.

किसन दहावीला नापास झाला होता. तसं गावात नापास होणं काही नवं नव्हतं, पण किसन त्यानंतर बोलायचा थांबला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आईने काय करावं? तिने रविवारी मागणं मांडलं. "माझ्या किसनच्या डोक्याला शांती दे." देऊळ म्हणालं, आमची विनंती ऐक. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. किसन आईशेजारीच खाली मान घालून बसलेला असायचा. मग तो देवळात येईनासा झाला. उपासनेच्या वेळी पाटाच्या पलीकडे बाभळीखाली जाऊन बसायचा. लोक म्हणाले, पोराचा विश्वास उडाला. मग त्याच्या विश्वासासाठीही मागणं मांडलं गेलं. पुढे तो दौंडला गेला, रंगकामाची कंत्राटं घ्यायला लागला, सुखातही असावा. पण ज्ञानदेवच्या लग्नात मागण्या सुरू होताच तो उठून मांडवाबाहेर गेला, तेव्हा सगळे हसले होते. ज्ञानदेवही हसला होता. म्हणाला होता, "आमच्या दादाला प्रार्थनेचं वावडं हाय."

इतकी वर्षं चारीवाडीचं देऊळ आठवलं की त्याला तो सूर ऐकू यायचा. पाटापलीकडे बसलेला किसन त्या आठवणीत कधीच नव्हता. त्याला ज्ञानदेवनेच वगळलेलं होतं. आईने मायेने केलं होतं, गावाने मायेने केलं होतं, पण दादाला कुणी एकदा विचारलं होतं का, की तुझं नाव घेऊ का म्हणून? आणि आता तो स्वतः माइककडे निघाला होता. पुन्हा तेजूचंच नाव घ्यायला, पुन्हा सगळ्यांसमोर.

"माइकवर नको, सिस्टर," तो म्हणाला आणि मागे वळला.

बसपाशी जिकराने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि या वेळी ती बाजूला झाली. तो आत शिरला. तेजू मधल्या एका सीटवर पाय वर घेऊन बसली होती. दप्तर मांडीवर होतं. रडणं होऊन गेलेलं होतं, आता नुसता संताप उरला होता. ज्ञानदेव तिच्या शेजारी बसला नाही. पलीकडच्या सीटवर, मधला रस्ता सोडून बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

"व्हय."

"माझं होतं ते, पप्पा. मला सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं. कदाचित पुढच्या वर्षी सांगितलं असतं. आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलणार. धनेशने आत्ताच मेसेज टाकलाय, टेक केअर म्हणून. मागच्या आठवड्यापर्यंत तो माझ्याशी भांडत होता!" तिने मांडीवरचं दप्तर जवळ ओढलं. "आणि तुम्हाला छान वाटत होतं. मी बघितलं ना, तुम्ही बोलत होता तेव्हा मागे वळून. तुम्ही खूश होता."

खूश तर तो होताच. ज्ञानदेव बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. हॉलमधल्या टाळ्या ऐकू येत होत्या. आपण हिचं काहीतरी घेतलं आणि आता ते परत देता येत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. परत देता येत नसेल तर निदान आपलं काहीतरी द्यावं. पण त्याच्यापाशी तसलं एकच होतं, आणि ते त्याने कुणाला दिलं नव्हतं.

"तुला सांगतो एक," तो म्हणाला. "तू पाचवीत असशील. भोसरीची कंपनी बंद पडली आणि मी चाकणला लागलो, ते आठवतं?"

तेजूने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तेव्हा कंपनीची बस मोशीच्या पुढं गेली की माझ्या छातीत धडधडायचं. हीबी नोकरी जाणार, उद्या हे घर जाणार, असं डोक्यात सुरू व्हायचं ते थांबायचंच न्हाई. कधीकधी मी अलीकडंच उतरायचो. टपरीमागं जाऊन रडायचो अन् मग रिक्षानं कंपनीत जायचो. पिंपरीत एक डॉक्टर गाठला. त्यानं गोळ्या दिल्या. दीडेक वर्ष खाल्ल्या."

तेजूने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "मम्मीला माहितीये?"

"मम्मीला पित्ताच्या सांगितल्या."

"आणि कंपनीत?"

"त्यांनाबी पित्ताच्याच. समाधान अजून चेष्टा करतो, तुमचं पित्त कसंय म्हणून." तो हसायला गेला, पण ते काही नीट जमलं नाही. "कंपनीत एकदा कळलं ना, की माणूस कामाचा राहत न्हाई. तो डोक्याचा पेशंट होतो. म्हणून न्हाई सांगितलं कुणाला. आज तुलाच."

मग तेजूने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि मधल्या रस्त्यावरून हात लांब करून बाटली बापाकडे दिली. ज्ञानदेव घटाघटा प्यायला.

"बरं झालं का मग?" तिने विचारलं.

"झालं. हळूहळू झालं. तुझ्यासारखंच."

तेजू विचार करत होती. विचार करताना ती खालचा ओठ चावते, अगदी विजयश्रीसारखी. मग म्हणाली, "पप्पा, दुपारी मी हे सांगू का? मदत कशी मागायची त्यात? नाव नाही घेणार. 'कुणाचे तरी वडील' म्हणेन. मोठी माणसंही रडतात, हे पोरांनी ऐकलं तर फार मदत होईल त्यांना."

ज्ञानदेवने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. नाव घेतलं नाही म्हणून काय झालं? सकाळीच साऱ्या हॉलने बघितलं होतं की तेजूचे वडील कोण. समाधानला कळायला कितीसा वेळ? आणि सोमवारी कंपनीच्या बसमध्ये? मागच्या सीटपर्यंत पोचायला? पोरांना मदत होईल हे खरं होतं, अगदी खरं होतं, पण सोमवारही तितकाच खरा होता.

"नको," तो म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला की त्याचं त्यालाच ऐकू आलं. "नको सांगू, तेजू. हात जोडतो."

मग तो तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, तो तयार होता. पण तिने नुसती मान हलवली आणि दप्तराची चेन लावली.

"मी अजून रागावलेय," बसमधून उतरताना ती म्हणाली.

"अस," तो म्हणाला. "ऱ्हा रागावून."

दुपारच्या सत्रात तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा हॉलमध्ये नको इतकी शांतता पसरली. सकाळपासून तिच्याबद्दल सगळ्यांनी कुजबुजून घेतलं होतं. जिकरा तिच्या जागी बोलायला तयार होती, तसं सिस्टरांनीही सुचवलं होतं, पण तेजू स्वतः चालत गेली. माइक तिच्यासाठी उंच होता. तो तिने खाली केला.

"सकाळी तुम्ही माझ्याबद्दल जे ऐकलंत, ते खरं आहे," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "ते मी आज सांगणार नव्हते. एका मुलीची गोष्ट म्हणून सांगणार होते. आता ती सोय राहिली नाही. ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी कृपया भांडत जा. धनेश, तूसुद्धा."

पोरं हसली. धनेश लाजून खुर्चीत खाली सरकला. समाधान मोठ्याने हसला आणि त्याने ज्ञानदेवच्या मांडीवर थाप मारली. ज्ञानदेवला हसू येईना. तो तिच्या ओठांकडे बघत होता. ती रागावलेली होती, तिने तसं सांगितलंही होतं. आणि तिच्या हातात आता त्याचं सगळं होतं.

"मदत कशी मागायची, यावर मी बरंच पाठ केलं होतं," तेजू पुढे म्हणाली. "ते राहू दे. मदत मागायला एक असा माणूस लागतो, ज्याच्याजवळ आपलं बोलणं राहतं. तेवढा एक मिळाला की निम्मं काम होतं. तुम्ही मोठे झालात, लीडर झालात, प्रीफेक्ट झालात, तरी आधी तसा एक माणूस व्हा. आज मला एका माणसाने एक गोष्ट सांगितली. त्याने ती कुणालाच सांगितली नव्हती. मी त्याला विचारलं, ही मी सगळ्यांना सांगू का? तो नको म्हणाला."

ज्ञानदेव खुर्चीच्या कडेला सरकला.

"ती गोष्ट फार चांगली आहे," ती म्हणाली. "तुम्हाला खूप उपयोगी पडली असती. पण मी ती सांगणार नाही. आज नाही आणि नंतरही नाही."

ज्ञानदेवचा जीव भांड्यात पडला. अंगातला सगळा ताण एकदम उतरला, इतका की त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली. आणि त्याच क्षणी त्याला समजलं की हे, हे जे आत्ता आपल्याला मिळालं, ते सकाळी तिच्याकडे होतं आणि आपण उभं राहून ते तिच्याकडून काढून घेतलं. तो रडायला लागला. समाधानने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला वाटलं, हा पोरीचं कौतुक वाटून रडतोय. तेही खोटं नव्हतं.